लोकरीवाचून जाळीची शाल



थंडीची चाहूल लागली की या पानाकडे विणकामाची पत्रे येऊ लागतात. बहुतेक पत्रांत स्वेटरची मापे असतात, नाहीतर टोपड्याची नक्षी मागितलेली असते. यंदा एका भगिनीने विचारलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. ती लिहिते, 'सासूबाईंना लोकर सोसत नाही, मानेला पुरळ उठते. विणकामाच्या पुस्तकात जाळीची फार सुंदर शाल आहे, पण ती दोन पदरी लोकरीची. आमच्याकडे चार एकर पऱ्हाटी उभी आहे. सुताची शाल विणली तर चालेल का?'

चालेल, एवढे एका शब्दात लिहून मला मोकळे होता आले असते. पण मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि पहिल्या खेपेला चांगली तोंडघशी पडले आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आमच्याही घरी हीच अडचण होती. सासूबाई ऐंशीच्या घरात. साऱ्या जन्मात त्यांच्या अंगावर सुतावाचून दुसरे काही चढले नाही. मुलाने हौसेने आणलेली लोकरीची शाल एक रात्र पांघरली आणि सकाळी गळाभर लाल चट्टे. नागपूरकडची थंडी म्हणजे काय मोठी, असे पुण्या-मुंबईची माणसे म्हणतात. त्यांना सांगावे लागते की २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. शेतातल्या घराला तर कौलांतून आणि फटींतून सगळीकडून वारा. त्या दिवाळीतच मी शाल विणायला घेतली होती. इतवारीतून सुताचा कोन आणला, सहा धागे एकत्र धरले, पुस्तकात लोकरीसाठी सांगितलेल्या ६ नंबरच्या सुया घेतल्या आणि पुस्तकात होती तशीच्या तशी विणली. विणून झाल्यावर भिजवली, टाचण्या लावून ताणून वाळवली. दिसायला अशी देखणी की शेजारणी बघायला आल्या.

आठ दिवसांत ती शाल खांद्यावरून गुडघ्यापर्यंत लोंबू लागली. भोके एवढी मोठी झाली की त्यांत बांगडी अडकायची. सहा धाग्यांपैकी एखादा सुटून दाराच्या कडीत गुंते तो वेगळाच. ऐन गारठ्यात सासूबाई ती चौपदरी घडी करून पांघरत आणि वरून गोधडी घेत. बोलायला त्या मुळीच कठोर नव्हत्या, पण एका सकाळी शाल हातात धरून म्हणाल्या, "सूनबाई, हे शाल व्हय का मासोया धराचं जायं?"

मला हसूही आले आणि रडूही.

चूक नक्षीत नव्हती. लोकरीचे नियम सुताला लावले, ती चूक होती. लोकरीचा तंतू जात्याच कुरळा असतो. ताणला की लांबतो, सोडला की परत जागेवर येतो. ओला करून ताणून वाळवला तर पुढच्या धुण्यापर्यंत तो आकार धरून ठेवतो. जाळीच्या लोकरी शालींचे सगळे शास्त्र या गुणावर उभे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथल्या बायका मेंढीच्या मानेजवळची अगदी मऊ लोकर हाताने उपटून, कातून अशा शाली विणत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. विणताना ती शाल चोळामोळा झालेल्या फडक्यासारखी दिसते. भिजवून चौकटीवर ताणली की मगच तिची जाळी उघडते.

कापसाच्या तंतूला हे कुरळेपण नाही. तो ताण सहन करतो, पण ताणलेला परत येत नाही. शिवाय तेवढ्याच जाडीचे सूत लोकरीपेक्षा वजनाला जड, त्यामुळे शाल स्वतःच्याच भाराने खाली ओघळते. मात्र एका बाबतीत सूत सरस आहे. लोकर ओली झाली की कमजोर होते, सूत ओले झाले की उलट अधिक मजबूत होते. घासा, पिळा, उन्हात टाका, त्याची तक्रार नाही. तेव्हा सुताच्या शालीची जाळी ताणून उघडायची नसते. ती सुईवरच, विणतानाच उघडी पडली पाहिजे, आणि तिला जागच्या जागी धरून ठेवणारी वीण अधूनमधून आली पाहिजे. हे मला दुसऱ्या खेपेला कळले. त्यातला निम्मा भाग तर सासूबाईंनीच शिकवला.

त्यांचे माहेर वर्ध्याकडचे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, आणि पुढे त्या भागातल्या शाळांतून मुलांच्या हाती पाटीबरोबर टकळीही आली. सासूबाई चौथीपर्यंतच शिकल्या, पण टकळी त्यांच्या बोटांतून कधी गेली नाही. माझी फसलेली शाल त्यांनी चष्मा लावून उलटीपालटी करून पाहिली. एक टोक उसवून धागा ओढला आणि म्हणाल्या, "सूत पिळलंच नाही तं शाल कशी टिकन?" सहा धागे नुसते शेजारी धरणे म्हणजे दोरा नव्हे, हे त्यांनी मला अर्ध्या मिनिटात दाखवले. मग संक्रांतीपर्यंत रोज दुपारी त्या ओट्यावर उन्हात बसत, टकळी फिरवत आणि मला दोरा करून देत.

आता सुताविषयी. बाजारात सूत नंबराने मिळते. ८४० वारांची एक लड धरतात. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरच्या सुताच्या एका पौंडात वीस लडी, १६,८०० वार. नंबर वाढला की सूत बारीक. शालीसाठी २० नंबरचे सहा धागे एकत्र पिळले की हवी ती जाडी येते. पिळायला वेळ नसेल तर क्रोशाचा १० नंबरचा दोरा घ्यावा, तो जवळजवळ तेवढाच जाड असतो. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर आणि गिरणीच्या सुताचा नंबर यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांची गल्लत करू नये. क्रोशाचा दोरा बहुधा कॉस्टिक सोड्यात ताणून काढलेला असतो. त्यामुळे त्याला रेशमासारखी चकाकी येते आणि बळही वाढते. शाल दिसते छान, पण अंगाला किंचित गार लागते. म्हाताऱ्या माणसासाठी साधे सूत बरे.

नागपूरला सुताची वाण कधी नव्हती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबई सोडून मुद्दाम, कारण कापूस इथल्या शेतांत होता, वरोऱ्याकडे कोळसा होता आणि रेल्वे दाराशी होती. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून गिरणीला ते नाव पडले. टाटांनी १९८६ साली ती बंद केली आणि पुढे काही वर्षे सरकारी महामंडळाने चालवली. आज तिथे भोंगा वाजत नाही. पण कोष्ट्यांच्या वस्तीत सुताची पारख असलेली माणसे अजून आहेत. काही विचारायचे असेल तर दुकानदारापेक्षा त्यांना विचारावे.

असे म्हणायला कारण आहे. त्या दिवाळीत 'शंभर टक्के सूत' म्हणून एका दुकानातून मी आणखी एक रंगीत गुंडा आणला होता. घरी आल्यावर शंका आली म्हणून वीतभर दोरा चुलीशी धरला. तो आक्रसला, वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. तेव्हा ही परीक्षा सर्वांनी लक्षात ठेवावी. खरे सूत कागदासारखे भुरभुर जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरता येईल अशी राख उरते. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि विस्तव दूर केला की ती बहुधा आपोआप विझते. वितळून गोळी झाली की समजावे, यात कृत्रिम धागा आहे. आपल्याकडे दुकानात केशमिलॉनलाही सरसकट लोकरच म्हणतात, पण त्याचा मेंढीशी काही संबंध नाही. ते टोचत नाही, स्वस्त असते, लवकर वाळते, हे सगळे खरे. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि शेकोटीशी खेळणाऱ्या पोराला मी ते कधी पांघरू देणार नाही. सूतही पेट घेते, पण ते वितळून कातडीला चिकटत नाही.

कुणी कोशाचे विचारील. भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्यांचा. त्याची शाल हलकी आणि ऊबदार होते, आणि त्याचा तो मधासारखा रंग दुसऱ्या कशाला येत नाही. पण किंमत पाहता पहिली शाल त्याची करू नये. काही घरांत कोशातला किडा मारतात म्हणून ते वस्त्र वर्ज्य असते, त्यांच्यासाठी सूत आहेच.

घरच्या कापसाचे काय, असेही ती भगिनी विचारते. कापसात सरकी काढल्यावर साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. दोनशे ग्रॅम सुताला नासधूस धरून पाऊण किलो कापूस पुरे. क्विंटलच्या हिशेबाने गाडी भरून विकतो त्या मालातला पाऊण किलो! पहिल्या वेचणीचा, सीतादहीनंतर घरी येतो तो स्वच्छ पांढरा कापूस बाजूला काढून ठेवावा. दसऱ्याला-दिवाळीला वाती वळणाऱ्या बोटांना पेळू करायला आणि टकळीवर सूत काढायला महिनाभरात जमू लागते. मात्र सुरुवातीचे सूत कुठे जाड, कुठे बारीक येते. त्याची शाल करू नये, आधी हातपुसणे करावे.

कोन आणा नाहीतर घरी काता, कोरे सूत तसेच विणायला घेऊ नये. कापसाच्या तंतूवर मेणचट थर असतो, म्हणून कोरे सूत पाण्यावर तरंगते. ताण्याचे सूत असेल तर त्याला खळही असते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लड करावी आणि चार ठिकाणी सैल बांधावी. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर मंद उकळावी. पाणी चहासारखे पिवळट झालेले पाहून आश्चर्य वाटेल. लड पाण्यात बुडू लागली की झाले. मग स्वच्छ पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी. सूत आटायचे ते इथेच आटून जाते, शाल विणल्यावर आटत नाही.

पिळताना एक गोष्ट जपायची. सुताचे टोक चिमटीत धरून फिरवून पाहावे. ज्या बाजूला फिरवले असता सूत उकलते, त्याच बाजूला सहाही धागे एकत्र पिळायचे. धाग्याचा मूळ पीळ आणि दोऱ्याचा पीळ असे एकमेकांविरुद्ध बसले की दोरा शांत राहतो. एकाच बाजूला पीळ दिला तर दोऱ्याला आढ्या पडतात आणि शाल एका अंगाला तिरकी जाते. सासूबाई मधूनमधून दीड हात दोरा सैल सोडून दोन्ही टोके जवळ आणत. तो सरळ लोंबला तर ठीक. स्वतःभोवती गुंडाळला गेला तर पीळ जास्त झाला, म्हणून टकळी थोडी उलट फिरवत.

सुया ८ नंबरच्या घ्याव्यात. शक्य तर बांबूच्या, कारण सूत गुळगुळीत असते आणि लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवरून टाके सटासट घसरतात.

आणि आता सर्वांत कंटाळवाणे, पण टाळू नये असे काम. आधी नमुना विणायचा. नक्षीचे दोन घर म्हणजे ३६ टाके घालून सहा इंच लांब विणावा. धुवावा, आणि आडवा न पसरता दोरीवर चिमटे लावून, खालच्या कडेला दोन-चार चिमट्यांचे वजन देऊन टांगून वाळवावा. मग मोजावा. माझा सहाचा सात इंच झाला. मला साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच शाल हवी होती. ६६ ला ६ ने गुणून ७ ने भागले, साडेछप्पन इंच आले. तेवढीच विणली. बाकीची लांबी वापरात आपोआप आली आणि तिथेच थांबली. पहिल्या खेपेला हा नमुना केला असता तर दोन महिन्यांचे श्रम वाचले असते.

नक्षी मी शेटलंडचीच निवडली, पंख्यासारख्या लाटांची. ती सुताला फार मानवते, कारण जाळीच्या ओळीनंतर लगेच सुलट टाक्यांची उंचवट्याची ओळ येते आणि तीच जाळीला ओघळू देत नाही. दोन फूट पन्ह्यासाठी ११६ टाके घालावेत. १८ टाक्यांचे एक घर अशी सहा घरे, आणि दोन्ही कडांना चार-चार टाके. सुरुवातीला सहा ओळी पूर्ण सुलट विणाव्यात. पुढे नक्षीच्या चारच ओळी आहेत.

पहिली ओळ पूर्ण सुलट. दुसरीत कडेचे चार सुलट, मधले सर्व उलट, शेवटचे चार सुलट. तिसरी जाळीची. तीत कडेचे चार सुलट विणून प्रत्येक घरात असे करावे: दोन टाके एकत्र सुलट, हे तीन वेळा, दोरा पुढे घेऊन एक टाका सुलट, हे सहा वेळा, पुन्हा दोन टाके एकत्र सुलट, तीन वेळा. सहा घरे झाली की शेवटचे चार सुलट. चौथी ओळ पूर्ण सुलट. एका घरात सहा टाके कमी होतात आणि सहा वाढतात, म्हणून सुईवर नेहमी ११६ च राहिले पाहिजेत. चौथ्या ओळीत मोजण्याची सवय ठेवावी. लांबी भरत आली की पुन्हा सहा ओळी सुलट विणून टाके बंद करावेत. त्या वेळी हातात एक जाड सुई घ्यावी, नाहीतर कड आवळते आणि शाल पिशवीसारखी दिसते.

दर दहा-बारा ओळींनी चौथी ओळ झाल्यावर एका रंगीत दोऱ्याने सगळे टाके सुईवरून ओवून घ्यावेत आणि तो दोरा तसाच राहू द्यावा. टाका निसटला तर उसवणे तिथपर्यंतच जाते. रंग न जाणारा दोरा घ्या. मी लाल घेतला आणि तीन ठिकाणी गुलाबी डाग पडले. नवा गुंडा नेहमी कडेला जोडावा. लोकरीची टोके ओली करून चोळली की एकमेकांत बसतात, सुताची बसत नाहीत आणि गाठ मारली तर जाळीत दिसते. म्हणून चार-सहा बोटे टोक सोडून ते नंतर सुईने कडेच्या विणीत तिरके ओवावे.

सुताला ताण नसल्याने हात लवकर दुखतात. एका बैठकीत दहा ओळींपेक्षा जास्त विणू नये. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटे सोलवटलेली असतात, त्यांत दोरा अडकतो. रात्री खोबरेल चोळून झोपावे आणि सकाळी हात साबणाने धुऊनच सुया धराव्यात.

माझी दुसरी शाल २०१९ च्या होळीला झाली. थंडी तर निघून गेली होती. मी हिरमुसले होते, पण त्या उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालू असला की पहाटे तीनच्या सुमाराला सासूबाई तीच अंगावर ओढून घेत, आणि दुपारी बाहेर निघताना उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून डोक्यावरून घेत. लोकरीची शाल वैशाखात कोण बाहेर काढील? "आंगाले टोचत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे दोन हिवाळे ती त्यांच्या खांद्यावर होती. पहिली शाल मी उसवली. तिच्या सुताच्या बाळंतिणीसाठी दोन टोप्या झाल्या आणि उरलेले दुपट्याच्या कडेला लागले.

सुताची शाल टांगून ठेवू नये, घडी घालून ठेवावी. लोकर खाणारी कसर सुताला लागत नाही, पण स्टार्च केलेली शाल पेटीत ठेवली तर झुरळे आणि रुपेरी किडे तिच्यावर येतात. म्हणून स्टार्च करू नये, केलाच तर ठेवण्याआधी धुऊन काढावा.

सासूबाई २०२१ साली गेल्या. शाल आता माझ्याकडे आहे. मानेजवळची कड दोनदा विरली, दोन्ही वेळा त्यांनी पिळून ठेवलेल्या दोऱ्यानेच ती सांधली. त्या दोऱ्याचा लिंबाएवढा गुंडा अजून उरला आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने आधी नमुना विणावा, धुऊन टांगावा आणि सहा इंचांचे किती झाले ते कळवावे. गिरणीचे सूत घेतले की घरचे, तेही लिहावे. त्यावरून किती इंच विणायची ते मी उलटटपाली सांगेन.